प्रतापरावांच्या डोंगराला अक्षत

आमचे साडू प्रतापराव हे बंगळुरातले एकटेच बस कंडक्टर असतील, ज्यांच्या मालकीचा डोंगर होता. निदान ते तसं सांगत. आणि कंडक्टर सांगतो त्यावर शंका काढायची नसते. खाली उतरवतो.

साडू म्हणजे, त्यांची राजलक्ष्मी आणि माझी बायको या सख्ख्या बहिणी. मी निपाणीकडच्या खेड्यातला, देवळात भरणाऱ्या शाळेत सातवीपर्यंत शिकून पोटासाठी बंगळुरास आलेला. प्रतापराव मात्र इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस तोंडात घास ठेवून बोलतोय. निम्मं कन्नड, पाव मराठी, उरलेले हातवारे. ‘साडू, स्वल्प सरका की’ म्हणायचे. आता मीही तसाच बोलतो आणि निपाणीला गेलो की लोक माझ्या तोंडाकडे बघतात.

जन्मभर सिटी बसमध्ये काढल्यावर प्रतापराव रिटायर झाले, पण ते कागदोपत्री. बस काही त्यांच्यातून उतरली नाही. लग्नाच्या पंगतीत पानं मांडली की हे टोकाला उभे राहून ओरडणार, ‘मुंदे होगी, मुंदे होगी! पुढे सरका, मध्ये जागा आहे!’ आणि जिथे वीस माणसं बसायची तिथे तीस बसवणार. बनशंकरीच्या देवळात तर रांगेवर त्यांचा असा काही वचक की नवे पुजारी बरेच दिवस त्यांना ट्रस्टी समजत होते. आमचे सासरे वारले तेव्हाची गोष्ट. तिरडी निघाली, कोपऱ्यावर आली, आणि मागे यांच्या चपलेचा अंगठा तुटला. हे मागून ओरडले, ‘होल्डान!’ चारी खांदेकरी जागच्या जागी थांबले. यांनी चप्पल काढून काखेत मारली, पुढे आले, म्हणाले, ‘रैट!’ तिरडी निघाली. सासऱ्यांनी हयातभर या जावयाचं एक अक्षर ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

तर डोंगर. प्रतापरावांचे मूळ पुरुष म्हणे शहाजी राजांबरोबर बंगळुरात आले. हे बंगळुरातला प्रत्येक मराठा सांगतो. एवढे सगळे खरंच आले असते तर पुण्यात दिवा लावायला माणूस उरला नसता. पण प्रतापरावांची गोष्ट एक पाऊल पुढे होती. त्या मूळ पुरुषाचा घोडा दमून एका डोंगराच्या पायथ्याशी बसला आणि काही केल्या उठेना, म्हणून राजांनी तो डोंगरच त्याला देऊन टाकला. कनकपुरा रस्त्यावरून आत दोड्डगुड्ड नावाचं गाव आहे, तिथला. दोड्डगुड्ड म्हणजेच मोठा डोंगर. मी एकदा विचारलं, ‘त्यावर पिकतं काय?’ ते म्हणाले, ‘साडू, डोंगरावर काय पिकायचं? मान पिकतो.’

बरं, हा मान नुसता तोंडचा नव्हता. त्यांच्या घराण्याचा एक नेम होता. डोंगराच्या माथ्यावर शेंदूर फासलेला एक गोटा होता, त्याला हे लोक डोंगरोबा म्हणत. घरात लग्न ठरलं की पहिली अक्षत डोंगरोबाला. हळदीकुंकवात भिजवलेले तांदूळ त्याच्या डोक्यावर पडून त्याला आमंत्रण गेल्याशिवाय लग्नाची पत्रिका कुणाच्या हाती द्यायची नाही. दिली तर तो संसार देवाने धरलाच नाही असं समजायचं. आणि ही अक्षत घेऊन जायचं घरातल्या सर्वांत वडील पुरुषाने. एकट्याने, मुक्याने. परत आला की त्याला कुणी काही विचारायचं नाही. विचारलं तर देव रुसतो.

हा वडील पुरुष म्हणजे प्रतापरावांचे चुलते कृष्णाजीकाका. ऐंशी उलटलेली, दातांनी साथ सोडलेली, जिभेने मात्र नाही. पस्तीसेक वर्षं घरातल्या प्रत्येक लग्नाची अक्षत यांनीच पोचवलेली. पहाटे निघायचे, संध्याकाळी परतायचे, कपाळाला कुंकू, पिशवीत अर्धा नारळ आणि चेहऱ्यावर असं काही समाधान की बायका वाकून नमस्कार करायच्या. म्हणायच्या, ‘दर्शन चांगलं झालेलं दिसतंय.’ कुणी काही विचारायचं नाही, हा नेमच.

सत्त्याण्णव साली प्रतापरावांच्या हर्षिताचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, यशोवर्धन नावाचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरच्या कंपनीत. हीही तिथेच कामाला. जाता येता एकाच बसमध्ये ओळख झाली, म्हणून प्रतापरावांना पोरीचा राग येण्याऐवजी अभिमानच वाटला. अडचण मुलाच्या वडिलांची होती. विश्वासराव हे जकात नाक्यावरून रिटायर झालेले. सगळी नोकरी लोकांचा माल उघडून बघण्यात गेली. ‘उघडा’ हा त्यांच्या तोंडचा शब्द. बोलणी करायला आले तेव्हा राजलक्ष्मीअक्काने पुरणपोळी वाढली, तर यांनी आधी कड उचकून आत पुरण किती आहे ते पाहिलं, मान हलवली आणि मग खाल्ली. थोरल्या मुलाची ठरलेली सोयरीक त्यांनी मोडली होती, का, तर मुलीच्या बापाने ‘आमची आंब्याची बाग आहे’ म्हणून सांगितलं आणि यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तेव्हा एकच झाड निघालं. तेही शेजाऱ्याचं. फांदी तेवढी कुंपणाच्या अलीकडे.

आणि अशा माणसापुढे आमच्या साडूंनी डोंगर काढला.

‘अप्पा, तुम्हाला डोंगराचं बोलायची काय गरज होती?’ हर्षिता रडवेली झाली.

‘अगं, ते विचारत होते, शेतीवाडी काय आहे. मी काय सांगू? बसचा पास आहे म्हणून?’

‘मग असेल तर दाखवा म्हणाले ना ते!’

‘असेल तर म्हणजे? आहेच! शहाजी राजांपासून आहे. लहानपणी मी स्वतः वर चढलोय. तो काय पळून जातोय?’

आमच्या गावच्या मास्तरांनीही भूगोलात हेच शिकवलं होतं. डोंगर म्हणजे जमिनीचा उंच भाग, तो जागचा हलत नाही. तेव्हा मलाही काळजीचं कारण दिसलं नाही. विश्वासराव पत्रिका छापून घेऊन पुण्याहून आलेच. म्हणाले, ‘डोंगर बघू, देवाला अक्षत देऊ, तिथूनच पत्रिका वाटायला घेऊ. आणि प्रतापराव, एक सांगून ठेवतो. डोंगर लहान निघाला तर हरकत नाही. निघालाच नाही तर मात्र मी या पत्रिका तशाच परत नेणार.’

हे ऐकून घरात एकच माणूस घाबरला. कृष्णाजीकाका. आधी म्हणाले, ‘तुम्ही सगळे कशाला? एकट्याने जायचा नेम आहे, मी जाऊन येतो.’ विश्वासराव म्हणाले, ‘तुम्ही अक्षत द्या एकट्याने, आम्ही लांबून डोंगर बघतो.’ मग काकांचे गुडघे धरले. मग पोट बिघडलं. शेवटी म्हणाले, काल स्वप्नात देव आला आणि यंदा नको म्हणाला. राजलक्ष्मीअक्का म्हणाली, ‘देव नको म्हणाला की गुडघे?’ आणि त्यांना शाल गुंडाळून बसमध्ये घातलं.

बनशंकरीहून बस धरली. आम्ही पाच जण. काका, प्रतापराव, अक्का, विश्वासराव आणि मी. हर्षिताला घरी ठेवलं होतं. ती म्हणाली, मला बघवणार नाही. प्रतापरावांनी काळा कोट आणि काळी टोपी चढवली होती. बसायला जागा होती तरी ते बसले नाहीत. दांडीला धरून उभे राहिले आणि प्रत्येक थांब्याला खऱ्या कंडक्टरच्या आधी ‘रैट’ म्हणू लागले. दोन थांबे खऱ्याने सोसलं. तिसऱ्याला म्हणाला, ‘रावरे, तुम्ही ड्यूटीवर आहात की मी?’ हे म्हणाले, ‘मी आयुष्यभर होतो, तू आज आहेस.’ ड्रायव्हर हसला. तो यांचंच ऐकत होता.

शहर मागे पडलं तसे खडकांचे डोंगर दिसू लागले. विश्वासराव खिडकीतून बोट दाखवायचे, ‘हा?’

‘छे! हा नव्हे.’

‘मग तो?’

‘तोही नव्हे. आमचा त्याच्या दुप्पट.’

कोपऱ्यात कृष्णाजीकाका डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते. मला वाटलं, नामस्मरण. नंतर कळलं, बस पंक्चर व्हावी म्हणून डोंगरोबाला साकडं घालत होते.

दोड्डगुड्डला उतरलो. स्टँड, सायकलचं दुकान, एक हॉटेल, शेंगावाली बाई. आणि आभाळ. आभाळ जरा जास्तच होतं. प्रतापराव उजवीकडे वळले, आभाळ. डावीकडे वळले, आभाळ. एक पूर्ण चक्कर मारून पुन्हा होते त्या जागी आले आणि म्हणाले, ‘गाव चुकलं.’

विश्वासरावांनी पाटीकडे पाहिलं. ‘मोठा डोंगर असंच लिहिलंय ना?’

‘हो.’

‘मग?’

प्रतापरावांनी शेंगावालीला कन्नडमध्ये विचारलं, डोंगर कुठे? तिने शेंगा मोजता मोजता हनुवटीने दाखवलं. तिकडे सिमेंटची कमान होती, कमानीवर गुलाबी चोचीचा एक पांढरा हंस रंगवलेला, खाली तिकिटाची खिडकी. आम्ही कमानीतून आत गेलो, चार पायऱ्या चढलो आणि कठड्याशी थांबलो.

खाली खड्डा होता. केवढा, तर आमच्या निपाणीची जत्रा आत भरली असती. चारी बाजूंनी सुरी फिरवल्यासारखा सरळ कापलेला राखाडी पाषाण, सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या रेघा अजून अंगावर, आणि तळाला हिरवंनिळं पाणी, इतकं शांत की ढग त्यात उतरून बसलेले. काठाने जांभळी बोगनवेल सोडलेली. सिमेंटची हरणं, सिमेंटचे बाक. बाकांवर जोडपी, तीही आमच्याकडे बघून सिमेंटची झाली. पाण्यात पायाने पेडल मारायच्या हंसाच्या होड्या. मी खरं सांगतो, मला फार आवडलं. डोंगर असता तर इतका छान दिसला नसता. मास्तरांचं म्हणणंही खोटं ठरलं नव्हतं, डोंगर जागचा हललेला नव्हता. नुसता उलटा झाला होता. मोदक खाऊन साचा तेवढा ठेवावा तसा.

पण हे बोलायची वेळ नव्हती. विश्वासराव कठड्यावर हात ठेवून खाली बघत होते. मग सावकाश म्हणाले, ‘प्रतापराव, बागेत निदान फांदी तरी होती.’

प्रतापराव कठड्यावरून वाकून डोंगर शोधत होते. आणि तेवढ्यात तिकिटाच्या खिडकीतून एक माणूस दोन्ही हात पसरत धावत आला. हा नागनाथ. इथली तिकिटं, होड्या आणि शेजारचं हॉटेल हा एकटाच बघायचा. तो थेट कृष्णाजीकाकांच्या पाया पडला.

‘बन्नी ताता, बन्नी! या आजोबा! या खेपेला उशीर केलात! सेट दोशे लावू ना, नेहमीचे? लोणी जास्त?’

काका म्हणाले, ‘मी आपल्याला ओळखत नाही.’

‘असं काय करता? मागल्या वर्षी चार खाल्ले की! आणि नारळ फोडून अर्धा मला दिलात, चटणीला!’

राजलक्ष्मीअक्का कमरेवर हात ठेवून काकांपुढे उभी राहिली. ‘काका.’

‘विचारायचं नाही,’ काका घाईने म्हणाले. ‘नेम आहे.’

‘नेम गेला खड्ड्यात!’ अक्का म्हणाली, आणि समोर खड्डा होताच. ‘डोंगर कधी गेला?’

काका सिमेंटच्या हरणावर बसले. मग जे बाहेर आलं ते असं. दगडाच्या खाणीचं काम त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झालं. दर लग्नाला जावं तर डोंगर जरा बसका झालेला. लॉऱ्या भरभरून दगड बंगळुरास जात होता. घरं वाढत होती, त्यांना पाया नको का? एका खेपेस पाहिलं तर माथाच नाही. डोंगरोबा सुरुंगाच्या दणक्याने घरंगळत तळाला गेलेला. मग कातळातून झरे फुटले, पाणी चढलं, खाण बंद पडली. पंचायतीने बोगनवेल लावली.

‘आणि देव?’ प्रतापरावांनी विचारलं.

‘खालीच आहे, मधोमध. पोहता येत असतं तर वर आला असता.’

‘मग अक्षत कुठे देत होता?’

‘काठावरून टाकायचो की.’

‘पोचायची?’

काकांनी मान खाली घातली. ‘बदकं खायची.’

अक्काने मनात हिशेब चालवला होता. एकदम म्हणाली, ‘माझ्या लग्नाच्या वेळी होता का डोंगर?’

‘तुझ्या वेळी... अर्धा होता. पूर्वेचा. देव कडेला लोंबत होता.’

‘तरीच!’ अक्का म्हणाली. ‘तरीच हे माझं निम्मंच ऐकतात.’

‘काका, तुम्ही सांगितलं का नाही?’ प्रतापरावांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. त्यात ना होल्डान, ना रैट.

‘मला कुणी विचारलं?’ काका तडकले. ‘विचारायचं नाही हा नेम तुमचाच! आणि सांगितलं असतं तर काय केलं असतंत? पहिल्यांदा माथा गेलेला पाहिला, तेव्हा तुझी धाकटी बहीण शारदा तिकडे हळद लावून बसली होती. घरी येऊन काय सांगू, देव गडगडला, हळद धू? गप्प बसलो. पुढल्या लग्नालाही गप्प बसलो. मग सवय झाली. त्यात याचे दोशे चांगले.’

आता सगळे विश्वासरावांकडे बघू लागले. पत्रिकांची पिशवी त्यांच्या काखेत होती. प्रतापरावांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, ‘व्याहीबुवा, मी डोंगर आहे म्हणालो. नाहीये. डोळ्यांनी पाहिलंत. आता तुम्ही काय ते ठरवा. फक्त पोरीला यातलं काही बोलू नका. तिने मला अडवलं होतं.’

विश्वासराव म्हणाले, ‘थांबा. माल तपासल्याशिवाय मी शेरा मारत नाही.’ आणि काकांकडे वळले. ‘आजोबा, नीट उत्तर द्या. इथे डोंगर होता?’

‘होता.’

‘यांच्या घराण्याचा देव त्यावर होता?’

‘होता.’

‘डोंगर गेला हे यांना ठाऊक होतं?’

‘त्याला? त्याला बसच्या बाहेरचं काय ठाऊक असतं?’

विश्वासरावांनी मान हलवली. पुरणपोळीची कड उचकल्यावर हलवली होती, तशीच. ‘आंब्याच्या बागेवाला मला फसवत होता. इथे घरच्या म्हाताऱ्याने यांनाच फसवलंय. खोटारड्याशी मी सोयरीक केली नसती. फसलेल्या माणसाला आमच्या पुण्यात नावं ठेवतात, पण त्याच्याशी सोयरीक मोडत नाहीत. पत्रिका काढा.’

मी तर टाळ्याच वाजवणार होतो. पण आमचे साडू! कोट झटकला आणि म्हणाले, ‘पत्रिका काढता येणार नाहीत.’

‘का?’

‘अक्षत पोचली नाही. पहिलं आमंत्रण देवाला. माझ्या हर्षिताचं लग्न बदकांच्या भरवशावर करायचं नाही.’

‘अहो, मी सोडतोय आणि तुम्ही अडवताय?’

‘बाकीच्यांची झाली ती न कळता झाली. मला कळलंय. आता कसं करू?’

हे मात्र खरं होतं. विश्वासरावांना पटलेलं दिसलं, कारण ते चिडले. ‘मग द्या ना अक्षत! देव मधोमध आहे, होड्या समोर आहेत. जा!’

प्रतापरावांनी पाण्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. चालत्या बसच्या फूटबोर्डवर एका पायाने आयुष्य काढलेला हा माणूस पाण्याला असा भितो की आंघोळीलाही तांब्या लांब धरतो. ‘नेमाने काकांनीच जायला हवं,’ ते म्हणाले. काका म्हणाले, ‘माझी हद्द बदकांपर्यंत.’ नागनाथ म्हणाला, ‘एकट्याला होडी देत नाही. हंसाला दोन माणसं लागतात, दोघांनी पेडल मारायचं.’

‘एकट्याने आणि मुक्याने जायचा नेम आहे,’ प्रतापराव पुटपुटले.

‘त्या नेमाने काय झालं ते दिसतंय ना समोर?’ विश्वासरावांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि पँटच्या दुमडी वर केल्या. ‘आजपासून दोघांनी जायचं. एक देणार, एक बघणार. चला. मीही पाण्यात गेलेलो नाही कधी. आमच्या नाक्यावर पाणी प्यायलाही नसायचं.’

मंडळी, मी पुष्कळ वराती पाहिल्यात. घोड्यावरच्या, बैलगाडीतल्या, एक तर रोडरोलरवरची. पण दोन व्याही, एक काळ्या कोटातला, एक सफारीतला, मध्ये नारळ आणि अक्षतांची वाटी, हंसाच्या पाठीवर बसून देवाला आमंत्रण द्यायला निघालेत, असं दृश्य पुन्हा दिसणे नाही. खाणीच्या भिंती उंच, त्यामुळे पाण्यातलं कुजबुजणंही वर कठड्यापर्यंत ऐकू यायचं. बाकांवरची जोडपी आपापलं काम टाकून उठली.

हंस निघाला आणि जागच्या जागी गोल फिरू लागला.

‘प्रतापराव, पाय चालवा!’

‘चालवतोय! तुम्ही स्वल्प लेफ्ट घ्या!’

‘लेफ्टलाच चाललोय कधीचा! तुमचे पाय नुसते पेडलवर ठेवलेत!’

‘मला उभं राहायची सवय आहे हो!’

‘इथे उभे राहिलात तर दोघंही देवाला भेटू!’

काठावरून अक्का ओरडली, ‘अहो, डोळे उघडा आधी!’ तेव्हा कळलं की आमचे साडू डोळे मिटून पेडल मारत होते. डोळे उघडल्यावर हंस सरळ झाला. पाण्याच्या मध्यावर येऊन दोघांनी पाय थांबवले. प्रतापरावांनी टोपी नीट केली, दोन्ही हातांत अक्षता घेतल्या आणि पाण्यावर वाकले. शब्द न्‌ शब्द वर आला.

‘डोंगरोबा, मी प्रताप. लहानपणी वर आलो होतो. तुम्ही खाली गेल्याचं मला माहीत नव्हतं, माफी असावी. आमच्या हर्षिताचं लग्न आहे. सहकुटुंब सहपरिवार यायचं. जेवूनच जायचं.’

अक्षता पाण्यावर पडल्या. थोडा वेळ तरंगल्या. मग खालून पाणी हललं, आणि काळ्या पाठीचे मासे, पाच-पन्नास, नुसती झुंबड, एक दाणा ठेवला नाही. प्रतापराव दचकून विश्वासरावांना बिलगले.

‘पोचली ना?’

‘माझ्या समोर पोचली,’ विश्वासराव म्हणाले. ‘परिवार बराच मोठा आहे. पानं वाढवावी लागतील.’

आणि मग दोघांना काय सुचलं कोण जाणे, मांडवात व्हायची ती व्याह्यांची गळाभेट त्यांनी तिथेच घेतली. हंस एका अंगावर गेला, नागनाथने जिवाच्या आकांताने शिटी फुंकली, अक्काने देवाचं नाव घेतलं ते अर्धंच. हंस सावरला. प्रतापरावांची टोपी तेवढी पाण्यात गेली. ते म्हणाले, राहू दे, देवाला आहेर.

काठावर येऊन उतरले ते दोघंही थेट दोन हरणांवर जाऊन बसले. पहिली पत्रिका विश्वासरावांनी नागनाथला दिली. दोशे खरंच चांगले होते. काकांनी या खेपेला पाच खाल्ले. म्हणाले, आता लपवायचं काही उरलं नाही, तर पोटभर तरी खाऊ.

हर्षिताचं लग्न झालं, छान झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गंमत त्यानंतर झाली. मांडवात ही गोष्ट फुटली आणि ज्यांची ज्यांची अक्षत बदकांनी खाल्ली होती ती सगळी जोडपी हबकली. पन्नाशीतली, साठीतली. कुणाला मधुमेह, कुणाला चष्मा. पुढच्याच रविवारपासून दोड्डगुड्डच्या बसला आमच्या नातलगांची रांग लागली, आणि प्रतापराव टोपीविना स्टँडवर उभे, ‘मुंदे होगी, मुंदे होगी.’ नागनाथला आजतागायत वाटतं की मराठी लोकांना म्हातारपणी होडीचा नाद लागतो.

सगळ्यांत पहिल्या गेल्या त्या प्रतापरावांच्या धाकट्या बहीण शारदाबाई, ज्यांच्या लग्नापासून हे सगळं सुरू झालं होतं. सोबत यजमान, प्रदीपकुमार. चिकपेटेत कापडाचं दुकान, अंगाने भरदार. ते बसले तसा हंस त्यांच्या बाजूला कलला. पाण्यात चार हात गेल्यावर ते धापा टाकत म्हणाले, ‘अगं शारदा, पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली. आता ही अक्षत देऊन काय व्हायचंय?’

शारदाबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘पेडल मारा.’